गिअर पडत नाही तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता न बोलावता आपल्यातलीच एखादी बाई बोलायला उभी करायची, हा आपल्या मंडळाचा जुना रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा मी म्हटले, "मला बोलता येईल असा विषय एकच आहे, पण तो मंडळात शोभणार नाही." त्यांनी विचारले, "कोणता?" मी म्हटले, "मोटारीचा क्लच." त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमची गाडी सकाळपासून मागे जात नाही. तुम्ही बोलाच."

तर भगिनींनो, आज क्लच आणि गिअर यांविषयी चार शब्द सांगणार आहे. मी काही या विद्येतली पंडिता नव्हे. एक जुनी मारुती आठशे चालवता चालवता जे शिकले, आणि जे शिकताना पदरचे पैसेही गमावले, तेवढेच सांगते.

मारुती आठशे म्हणजे काय हे या सभागृहात सांगायला नको. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे लहानसे इंजिन आणि पुढच्या चाकांना मिळणारी गती. बहुतेक गाड्यांना पुढचे चार गिअर. नंतरच्या काहींना पाच. क्लचला साधी वायर आणि गिअरला साध्या दांड्या. आत कसलीही जादू नाही. म्हणून तर शिकायला यापेक्षा बरी गाडी नाही.

आमची गाडी १९९८ सालची. ती ह्यांनी हौसेने घेतली होती. २०१६ साली हे गेले आणि गाडी माझ्याकडे आली. परवाना माझ्याजवळ होता, पण चालवण्याचा सराव फारसा नव्हता. सासूबाईंचे डायलिसिस सुरू झाले आणि सराव आपोआप झाला. आठवड्यातून दोनदा सकाळी सहाला रुग्णालयात हजर व्हायचे. त्या वेळी आमच्या आळीत रिक्षा मिळत नाही, आणि दर खेपेला शेजाऱ्यांना उठवायचे तरी किती? गाडी होती म्हणून मी कोणाच्या उपकाराखाली नव्हते. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढची हकीगत गाडीची वाटली तरी ती तेवढ्यापुरती नाही.

२०१९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे सासूबाईंना गाडीत बसवले, इंजिन सुरू केले, क्लच दाबला आणि मागचा गिअर टाकायला गेले, तर खर्र् असा आवाज! पहिला टाकून पाहिला, तो मुळी जाईचना. दोन्ही हातांनी जोर लावला, पण व्यर्थ. त्या दिवशी सासूबाईंची खेप चुकली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाच्या गाडीने त्यांना नेले, पण मधल्या रात्रीत त्यांना जो धाप लागण्याचा त्रास झाला, तो मी विसरलेले नाही.

गॅरेजवाल्यांना बोलावले. त्यांना मी काय सांगितले ते नीट ऐका. मी म्हटले, "गिअरबॉक्स गेलाय वाटतं. गिअर पडतच नाही." त्यांनी दांडी दोनदा हलवली, इंजिन सुरू करून खरखर ऐकली आणि म्हणाले, "हो ताई, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अठरा हजार धरून चाला." मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, एकवीस वर्षांची गाडी आहे. भंगारात दे आता." त्याचेही काही चुकले नाही. अठरा हजार ही त्या गाडीच्या मानाने लहान रक्कम नव्हती. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

आमच्या वाड्यात एक नाना राहात. ते एस. टी.च्या कार्यशाळेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. त्यांना सगळे सांगितले. ते ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला : "वहिनी, इंजिन बंद असताना गिअर पडतात का?"

मला उत्तर देता येईना. मी ते पाहिलेच नव्हते, आणि गॅरेजवाल्यांनीही नाही. मी जाऊन बसले, इंजिन बंद ठेवून क्लच दाबला आणि दांडी फिरवली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मागचा, सगळे लोण्यात सुरी जावी तसे गेले! नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "मग गिअरबॉक्सला कशाला बदनाम करता? क्लच सुटत नाही तुमचा."

भगिनींनो, आजच्या भाषणातला सगळ्यांत मोलाचा भाग म्हणजे हा प्रश्न. बाकीचे विसरलात तरी चालेल. पण त्यातले मर्म कळावे म्हणून क्लच म्हणजे काय ते थोडक्यात सांगते.

आपल्या शिवणवर्गातल्या यंत्राची आठवण करा. बॉबिन भरायची असली की हातचाकाच्या मधली चकती आपण सैल करतो. मग पाय मारला की चाक फिरते, पण सुई जागची हलत नाही. चकती आवळली की सुई पुन्हा चाकाबरोबर चालू लागते. क्लचचे काम नेमके हेच. इंजिन सारखे फिरत असते. चाकांना मात्र कधी फिरायचे असते, कधी थांबायचे असते. त्या दोघांना जोडणारी आणि सोडवणारी ही वस्तू.

ही पाहा, टेबलावर ठेवली आहे. पिशवीतून काढू नका. हिला क्लचप्लेट म्हणतात. हिच्या दोन्ही अंगांना हे खरखरीत अस्तर असते. एका बाजूला इंजिनाचे जड चाक आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगची चकती, अशा दोहोंमध्ये ही घट्ट दाबलेली असते. आपण पेडल दाबले की वायर ओढली जाते, वायर गिअरबॉक्सवरचा एक लहान दांडा ओढते, त्या दांड्याने आतले बेअरिंग स्प्रिंगवर दाबते आणि ही चकती मोकळी होते. पेडल सोडले की पुन्हा पकड बसते.

म्हणजे क्लचची दुखणी मुख्यतः दोन. 'सूट' म्हटले की पुरता सुटत नाही, हे पहिले. 'धर' म्हटले की पुरता धरत नाही, हे दुसरे. दोन्हींची लक्षणे अगदी उलट आहेत, आणि तरी आपण दोन्हींना "क्लचचा प्रॉब्लेम आहे" एवढेच म्हणून मोकळ्या होतो.

पहिले दुखणे, न सुटण्याचे. इंजिन चालू असता सगळेच गिअर जड जातात आणि मागचा तर खरखरतो. कारण पुढच्या गिअरांना वेग जुळवून घेणारी सोय असते, मागच्याला ती नसते. म्हणून क्लचची लबाडी तोच आधी उघडी पाडतो. इंजिन बंद केले की फिरायचे काही उरत नाही आणि गिअर निमूट पडतात. याची परीक्षा अशी : गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन संथ चालू. क्लच पूर्ण दाबा, मनात चार अंक मोजा आणि मग मागचा गिअर हळूच टाकून पाहा. एवढे थांबूनही खरखर झाली तर क्लच सुटत नाही असे समजावे.

माझ्या गाडीत कारण काय निघाले? नानांनी बॉनेट उघडले, मला आत बसवून पेडल दाबायला लावले आणि स्वतः तो लहान दांडा पाहात उभे राहिले. "दाबलंत का?" "दाबलंय." "पुरतं?" "जमिनीला टेकलंय, नाना." दांडा जेमतेम हलत होता. वायर काढली, तर तिच्या पदरांपैकी बरेचसे आतल्या आत तुटलेले. उरलेल्या दोन-चार तारांवर ती कशीबशी लोंबकळत होती. नवी वायर काही शंभर रुपयांत आली आणि अर्ध्या तासात बसली. अठरा हजारांचा गिअरबॉक्स जागच्या जागी सुखरूप!

पेडल जमिनीपर्यंत जाते की नाही, हेही पाहावे. आपण हौसेने जाडजूड पायपुसणे आत अंथरतो, ते पेडलाखाली सरकते आणि क्लच अर्धाच दबतो. आपल्याच एका सभासदांची गाडी एवढ्याच कारणाने अडली होती. नाव सांगत नाही, त्या हसताहेत. आणखी एक कारण आपल्याकडच्या हवेचे आहे. गाडी पावसाळाभर उघड्यावर उभी राहिली तर ही चकती गंजून जड चाकाला चिकटते. तेव्हा वायर चांगली असते, दांडाही पुरता हलतो, पण चकती सुटत नाही. म्हणून बाहेरगावी जाताना गाडी कोणाकडे तरी सोपवावी आणि आठवड्याने थोडी फिरवायला सांगावी.

आता दुसरे दुखणे, न धरण्याचे. ही हकीगत माझ्या शहाणपणाची आहे.

वायरीच्या त्या प्रसंगानंतर मला वाटू लागले की, आपल्याला क्लच कळला. वायरीचे टोक दांड्याला जिथे अडकते तिथे एक नट असतो. तो आवळला की पेडल वरच्या वर काम करू लागते. मला ते कडक पेडल आवडले, म्हणून मी नट आणखी आवळला. नाना त्या वेळी मुलीकडे गेले होते. विचारायला कोणी नव्हते, आणि खरे सांगायचे तर विचारावेसे वाटलेही नाही.

पुढे २०२१ साली पुण्याला सासूबाईंची तपासणी करून साताऱ्याला परतत होतो. खंबाटकीचा घाट चढताना इंजिन एकाएकी गुरगुरू लागले. पाय दाबावा तसा आवाज वाढे आणि वेग मात्र उतरत जाई. पाठोपाठ करपट वास आला. मागे ट्रकांची रांग, शेजारी सासूबाई. त्या म्हणाल्या, "अगं, काही जळतंय का?" मी गाडी कडेला घेतली, अर्धा तास थंड होऊ दिली आणि मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू कशीबशी घाट पार केला. जिवात जीव आला तो माथ्यावर.

क्लच घसरण्याची ही लक्षणे : इंजिनाचा आवाज चढतो, वेग चढत नाही, आणि चढणीवर किंवा भार असताना जळका वास येतो. गिअर मात्र सुरेख पडतात. याची परीक्षा अशी : सपाट मोकळी जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, पुढे कोणी उभे नाही. तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धडपडून बंद पडते. बंद न पडता ते फिरतच राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच आणि झटपट करावी. वारंवार केल्याने उरलीसुरली चकतीही जळेल.

माझी चकती जळाली ती का? पेडलाला सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल ठेवायची असते. हाताने दाबून पाहिले तर पहिले सुमारे दोन सेंटिमीटर पेडल अलगद जावे आणि मग जड लागावे. चकती झिजत जाते तशी ही मोकळीक कमी होते, म्हणून ती मधून मधून तपासावी लागते. मी नट आवळून ती पार नाहीशी केली. म्हणजे पाय उचललेला असतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहिला. त्यातच गाडी चालवताना डावा पाय पेडलावर टेकून ठेवण्याची माझी सवय. मग काय होणार? टेबलावरच्या या चकतीचे अस्तर पाहा, पार गुळगुळीत झाले आहे.

वायर फार सैल राहिली तर क्लच सुटत नाही, फार ताणली तर धरत नाही. एकाच नटाच्या दोन बाजूंना ही दोन्ही दुखणी आहेत. पहिल्या वेळी अज्ञानाने अठरा हजार जाणार होते, दुसऱ्या वेळी अर्धवट ज्ञानाने खरोखरच चांगली रक्कम गेली, कारण चकती बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. आणि ते काम मी कोणाकडून करून घेतले? त्याच गॅरेजवाल्यांकडून. या खेपेस मी जाऊन सांगितले, "घाटात आवाज चढतो, वेग चढत नाही, जळका वास येतो, गिअर नीट पडतात, पेडलाला मोकळीक नाही." ते माझ्याकडे पाहातच राहिले. गाडी नीट केली, जुनी चकती मागितली तीही दिली. मला तेव्हा वाटून गेले की, पहिल्या वेळी सगळा दोष त्यांचा नव्हता. गिअरबॉक्स गेला, हे आधी मीच त्यांना सांगितले होते. डॉक्टरांकडे जाऊन आपणच रोगाचे नाव सांगितले, तर औषधही त्याच रोगाचे मिळायचे!

तिसरा प्रकार क्लचचा नव्हेच. इंजिन बंद असतानाही गिअर सापडत नाहीत. दांडी ताकातल्या रवीसारखी इकडेतिकडे फिरते, पहिला टाकावा तर तिसरा पडतो, मागचा तर हुडकावा लागतो. अशा वेळी नजर दांड्यांकडे वळवावी. गिअरच्या मुठीपासून गाडीच्या पोटाखालून दांड्या गिअरबॉक्सपर्यंत जातात आणि त्यांच्या सांध्यांत लहान बुश असतात. ते झिजले किंवा बोल्ट ढिला झाला, की मुठीचे म्हणणे गिअरबॉक्सपर्यंत धड पोचत नाही. दुरुस्ती सहसा स्वस्त असते. मात्र ते पाहायला स्वतः गाडीखाली शिरू नका. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर कोणीही, कधीही शिरू नये.

चौथा प्रकार खरोखर गिअरबॉक्सच्या पोटातला. त्याची खूण अशी की, तक्रार एखाद्याच गिअरची असते. बाकी सगळे नीट आणि दुसऱ्यात जातानाच खरखर. किंवा उतारावर पाय उचलला की तिसरा आपोआप निसटतो. पहिल्यात आतली वेग जुळवणारी कडी झिजलेली असण्याचा संभव, दुसऱ्यात आतली झीज किंवा इंजिनाचे खिळखिळे झालेले रबरी आधार. गिअरबॉक्सचे तेल कमी झालेले नाही ना, तेही आधी पाहून घ्यावे. अशा वेळी खर्चाला भिऊन दिवस ढकलू नयेत. आतला तुकडा तुटला तर दुसऱ्या दहा भागांना घेऊन जातो.

राहिला आवाज. गाडी उभी, गिअर नाही, इंजिन चालू. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर क्लचमधले बेअरिंग बोलते आहे. उलट, पाय वर असताना घरघर असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्समधले बेअरिंग पाहायला सांगावे.

आता सगळ्याचे सार. गॅरेजमध्ये जाण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर लिहून न्या.

१. इंजिन बंद असताना गिअर पडतात का?
२. तक्रार सगळ्या गिअरांची आहे, की एखाद्याच?
३. आवाज चढतो पण वेग चढत नाही, असे होते का? जळका वास येतो का?
४. पेडलाला मोकळीक किती आहे? ते पूर्ण खाली जाते का?
५. घरघर क्लच दाबल्यावर येते, की सोडल्यावर?

उत्तरे द्या, रोगाचे नाव देऊ नका. नाव ठेवण्याचे काम कारागिराचे. आपले काम पाहण्याचे आणि खरे सांगण्याचे.

दोन सूचना. या परीक्षा करताना मुलांना दूर ठेवा. आणि जुन्या चकतीची धूळ कधी फुंकू नका. पूर्वीच्या काही अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक. म्हणूनच ही चकती मी ओल्या फडक्याने पुसून बंद पिशवीत आणली आहे.

सासूबाई २०२३ साली गेल्या. २०१९ मधल्या त्या एका सकाळनंतर त्यांची एकही खेप गाडीमुळे चुकली नाही. शेवटी शेवटी तर मी गाडी सुरू केली की त्याच विचारायच्या, "गिअर पडला का गं?" आणि पडला म्हटले की खिडकीकडे तोंड करून निवांत बसायच्या.

असो. फार बोलले. चिटणीसबाई, तुमची गाडी बाहेर उभी आहे असे कळते. चहा झाला की आपण सगळ्याच जाऊ. किल्ली फिरवायची नाही. आधी इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहू, आणि उत्तर तुम्हीच सांगायचे.